वर कसं येणार, ते आधी सांग

वरठी

चि. बाळू,

ताईचा फोन आला होता. रविवारी पहाटे तुम्ही मित्र भंडारा रोडहून गाडी धरणार, दरेकशाला उतरणार आणि कचारगडच्या मोठ्या गुहेच्या छताला जे भगदाड आहे, त्यातून दोर सोडून आत उतरणार म्हणे. या वयात अंगात रग असावीच. पण कचारगडला दोर नेऊ नका. ते गोंडी लोकांचं श्रद्धास्थान आहे. तिथे कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी केली, असं ते मानतात. माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून माणसं तिथे माथा टेकायला येतात. कुणाच्या देव्हाऱ्यात छतावरून उतरू नये. धनेगावहून पायी चढा, दर्शन घ्या, डोळे भरून गुहा पाहा.

आता दोराचं. पोलादाच्या कारखान्यात रिगिंगच्या कामात माझी हयात गेली, म्हणून हक्काने लिहितो. खाली कुणीही उतरतो, कारण ते काम आपलं वजनच करतं. वर येताना तेच वजन हातापायांनी उचलावं लागतं. जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, सरकवायचा, फासातल्या पायावर उभं राहायचं, की वीतभर वर. अर्ध्यावर दम संपून माणूस हार्नेसमध्ये निपचित लटकला, तर रक्त पायांत साठतं आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपते, जिवावरही बेततं. तेव्हा त्याच्यापर्यंत पोचायला दुसरा दोर आणि तो वापरता येणारा गडी तयार हवा. लोणावळ्याकडे ‘शिवदुर्ग मित्र’सारखं पथक हाकेला धावून येतं. आपल्याकडच्या जंगलात मदत कधी पोचेल, याचा हिशेब निघण्याआधीच मांडा.

खड्ड्यासारख्या खोल गुहेत हवा खेळती नसेल, तर तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. विहिरीचा गाळ काढायला उतरलेला गडी कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही परत येत नाही. असं आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून खालचा बोलेनासा झाला की मागोमाग उडी घ्यायची नाही, हे सगळ्यांनी आधीच ठरवा. पावसाळ्यात तर गुहेचं नावच नको. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जूनला गेले, ते शेवटचे बाहेर आले १० जुलैला. पाणी उपसायला आपल्या किर्लोस्करांचे तंत्रज्ञही गेले होते. त्या खटपटीत एका पाणबुड्याचा जीव गेला.

दोर कुणाचा आणणार आहात? उसना असेल तर वापरू नका. त्याने किती झटके, किती ऊन सोसलं, ते तुम्हाला ठाऊक नसतं. आपला असेल तरी दर वेळी हातभर हातभर बोटांतून काढायचा. वरची वीण शाबूत दिसते, पण एखाद्या जागी आतला गाभा पोकळ, मऊ लागतो. तिथे दोर वाकवला की गोल वळण न घेता चिमटल्यासारखा मोडतो. असा दोर कापूनच टाकायचा. कड्याच्या धारेवर दोर घासतो, तिथे जाड ताडपत्रीची घडी घालायची. आणि खालच्या टोकाला न विसरता मोठी गाठ, म्हणजे दोर कमी पडला तरी माणूस टोकावरून निसटत नाही.

रविवारचं दर्शन आटोपलं की परतीच्या वाटेवर सगळे घरी या. दोर, हार्नेस, जुमार, सगळं सामान मला पाहायचं आहे. परसातल्या चिंचेला दोर बांधू. आधी वर चढायचं, मग उतरायचं. मधेच लटकलेल्याला खाली घेणं तुम्हा सगळ्यांना जमलं, की नागपूरला गिर्यारोहण शिकवणाऱ्यांकडे रीतसर शिकायला जा. त्याची फी मी भरतो.

तुझा,
मामा