विषाद आणि प्रसाद

भाविकहो, गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात. विषाद हा शब्द ‘सद्’ धातूपासून झाला. खचणे, खाली बसणे हा त्याचा एक अर्थ. मौज अशी की ‘प्रसाद’ हाही त्याच धातूचा! गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसून पाणी निवळते, तो प्रसाद. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी चित्ताच्या निवळपणास हाच शब्द योजिला आहे.

आता उतारवयाचे पाहा. चाळीस वर्षे वारी केली, यंदा गुडघे नाही म्हणाले. दिंडी दारावरून गेली, टाळांचा आवाज वेशीपलीकडे विरला, आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजला. घरचे म्हणतात, “बाबा, कुढता कशाला? नाम घ्या.” अहो, नामच जिभेवर येईना, हेच तर त्याचे दुःख! त्यावर आपली भक्तीच कच्ची, असा सल. हा सल मूळ दुखण्याहून वाईट, असे मला वाटते. अर्जुन तर भगवंतांचा सखा. तरी त्याचे अंग कापले, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून निसटले. त्याने ते लपविले नाही. भगवंतांनीही पहिल्या अध्यायात जवळजवळ सारे ऐकूनच घेतले, उपदेश मागाहून. आपण घरात नेमके उलटे करतो.

ज्ञानोबारायांनी १२९६ साली समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय २६ वर्षांचे. पाठोपाठ माउलींची भावंडेही गेली. नामदेवरायांनी तो शोक समाधीच्या अभंगांत मोकळेपणी सांगितला. पुढे परंपरेच्या हिशेबाने ते आणखी ५४ वर्षे जगले, पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. रडले म्हणून कीर्तन थांबले नाही.

मात्र उदासी दोन आठवडे हटेना, झोप-अन्न तुटले, तर डॉक्टरांस दाखवावे. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, एखादे चालू औषध, यांनीही मन खचते. “आता जगणे नको” असे शब्द निघाले, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस असते. औषध घेतल्याने नामास उणेपणा येत नाही, बरे का!

आणि ज्याला पंढरपूर अंतरले, त्याच्या ओसरीवर मंडळींनी सांजचा हरिपाठ न्यावा. अर्धा तास पुरे. टाळ त्याच्याजवळ ठेवावेत. वाजवीलच असे नाही. आग्रह करू नये.