चमचाभर चूर्णाचा हिशेब

बाबांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली होती. लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची एकत्र गोळी दिवसातून तीनदा चालू होती. तिच्या जोरावर ते स्वतःची दाढी स्वतः करत, पण उजव्या हाताचा कंप काही पुरता जात नव्हता. नात्यातल्या एकांनी कवचबीजाचं चूर्ण सुचवलं. कवचबीज म्हणजे कोकणात कुंपणावर चढते त्या खाजकुहिलीचं बी. झाडपाल्याचं औषध, त्याने काय अपाय होणार, असं म्हणून मीच ते आणलं आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर दुधातून देऊ लागले. डॉक्टरांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिले तीन दिवस हात एवढा शांत, की बाबांनी कपबशी न सांडता चहा घेतला. पाचव्या दिवशी जेवताना त्यांची मान आणि खांदे आपोआप डोलायला लागले. घास तोंडापर्यंत जाईना. रात्री कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, त्या मुलांना बसायला सतरंजी दे." तिथे कोणीच नव्हतं. पहाटे उठताना रक्तदाब उतरला आणि ते मोरीच्या उंबऱ्यात पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा चूर्णाचं सांगितलं, आणि मग त्यांनी हिशेब मांडून दाखवला. या बियांत लेव्होडोपाच असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच तो त्यातून वेगळा काढला होता. प्रमाण साधारण 4 ते 6 टक्के. चमच्यात 4 ग्रॅम चूर्ण धरलं तरी सुमारे 200 मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जातो. बाबांच्या एका गोळीत तो 100 मिलिग्रॅम होता. म्हणजे तीन गोळ्यांवर मी रोज आणखी चार गोळ्यांएवढा डोस चढवत होते. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. मेंदूत पोचण्याआधीच ते होऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा असतो; त्याने चूर्णातल्या लेव्होडोपालाही वाट मोकळी करून दिली. अंग डोलणं, भास, रक्तदाब उतरणं, ही सगळी त्या जादा डोसाची लक्षणं.

म्हणून सांगते. चूर्ण, काढा, अर्क, जे काही घरात येईल ते गोळ्यांच्या यादीत लिहा. चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही पूर्ण यादी दाखवा. सगळ्या वनस्पती एका दिशेने काम करत नाहीत: सर्पगंधेतलं रेसरपिन मेंदूतला डोपामिनचा साठा उलट रिकामा करतं, कंपवाताच्या माणसाला ते घातकच. आणि चूर्णाने बरं वाटलं म्हणून चालू गोळी मनाने कमी करू नका. लेव्होडोपा एकदम तोडला तर ताप येऊन अंग ताठरतं, जिवावर बेततं.

कवचबीजात औषध आहे, खरंखुरं औषध आहे. म्हणूनच ते मोजून, विचारून घ्यायचं. पुढच्या तपासणीला जाताना ती बरणी पिशवीत टाकाच.