सही कोणाची चालते?

हिशेब लिहिण्याचा व्यवसाय सुरू करताना कोणती परीक्षा द्यावी, कुठे पैसे घालू नयेत

गेल्या वर्षी माझ्याकडे कामाला आलेल्या मुलीच्या फायलीत टॅलीची तीन प्रमाणपत्रे होती, तिन्ही लॅमिनेट केलेली. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे एका हार्डवेअर दुकानाची खरेदीची बिले ठेवली. अर्ध्या तासाने ती उठून आली आणि म्हणाली, "मॅडम, हे १७ तारीख घेतंय!" यात नवल काय ते मला आधी कळेना. मग उलगडा झाला. लायसन्स न घेता टॅली शिकाऊ पद्धतीत उघडली, तर ती महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेते. क्लासने तिला सहा महिने त्याच टॅलीवर शिकवले होते. तीन तारखांच्या महिन्यात खरेदी झाली, विक्री झाली, पगारही झाले. पण बँकेचे खाते उतरवून घेऊन खतावणीशी ओळ न् ओळ जुळवणे तिने कधी पाहिलेच नव्हते. फी मात्र १५ हजार भरली होती.

हा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या बऱ्याच जणी (आणि जण) मला विचारतात, "कुठला कोर्स करू?" मी उलट विचारते, "सही कशावर करायची आहे?"

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांकडे लाल बांधणीच्या वह्यांतून किर्द-खतावणी लिहिणारे दिवाणजी मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांच्यापाशी कुठलाही दाखला नव्हता आणि तेरीज जुळल्याशिवाय ते घरी जात नसत. कायद्याने आजही तेच आहे. दुसऱ्याचे हिशेब लिहायला, बिले नोंदवायला, पगारपत्रक करायला आपल्याकडे परवाना लागत नाही. बारावी झालेली गृहिणी उद्या सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सुरुवात करू शकते. प्रश्न येतो तो सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर सही करायची वेळ आली की. ती कोणाची चालते, हे कायद्याने ठरवून दिले आहे. म्हणून फी भरण्याआधी एवढेच पाहायचे, की ही परीक्षा पास झाल्यावर माझी सही कुठे चालेल.

सर्वांत मोठी सही अर्थातच सीएची. कंपनीचे ऑडिट आणि आयकराखालचे ऑडिट प्रॅक्टिस करणाऱ्या सीएशिवाय होत नाही. त्या अभ्यासक्रमाचे सरळ शुल्क लोकांना वाटते तेवढे नाही. फाउंडेशनच्या नोंदणीला ९ हजार, इंटरमीजिएटच्या दोन्ही ग्रुपना १८ हजार, फायनलला २२ हजार, म्हणजे एकूण ४९ हजार. परीक्षेचे फॉर्म आणि सक्तीची प्रशिक्षणे वेगळी, आणि क्लास लावले की आकडा लाखाच्या पुढे जातो. खरी किंमत वर्षांत मोजावी लागते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनवरून दोन वर्षांवर आली, तरी ती पूर्ण वेळ करायची असते आणि परीक्षांचा भरवसा कोणी देत नाही. विशीतल्या मुलाला ऑडिट करायचे असेल तर त्याने जरूर जावे. पस्तिशीत, घर सांभाळून, दुकानदारांचे हिशेब लिहायचे आहेत एवढ्यासाठी सीएला नोंदणी करू नका. मधेच सोडावे लागले तर शिकलेले वाया जात नाही, इंटरपर्यंत पोचलेली माणसे हिशेबात पक्की असतात. फक्त बोर्डावर आणि कार्डावर 'सीए' ही अक्षरे लावता येत नाहीत, कंसात 'इंटर' लिहूनसुद्धा नाही.

सीए आपले काम ओढून नेईल अशी एक भीती असते. कंपनी कायद्याचे कलम १४४ त्याच्या उलट सांगते: ज्या कंपनीचे ऑडिट करायचे तिचे हिशेब ऑडिटरने लिहायचे नाहीत. त्यामुळे गावातल्या चांगल्या सीएला बाहेरचा भरवशाचा हिशेबनीस हवाच असतो. माझी पहिली चार गिऱ्हाइके अशीच आली.

दुसरी सही जीएसटी प्रॅक्टिशनरची. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरून नाव नोंदवता येते. त्याला शुल्क नाही. नोंदणीनंतर दोन वर्षांत 'नासिन' या सरकारी प्रबोधिनीची परीक्षा पास व्हावी लागते: पर्यायी उत्तरांचे शंभर प्रश्न, अडीच तास, निम्मे गुण, फी ५०० रुपये. त्या मुदतीत कितीही वेळा बसता येते. हा दाखला हातात आला की दुसऱ्याची विवरणपत्रे तुम्ही स्वतःच्या नावाने भरता. नाहीतर काय होते, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्याच लॉगिनमधून बसायचे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा, आणि २० तारखेच्या संध्याकाळी आपण फोनवर: "अण्णा, ओटीपी आला का?" अण्णा लग्नात असतात.

अशाच एका २० तारखेला मी चुकले आहे. गिऱ्हाईक परगावी, फोन बंद, आणि मी 'उद्या बघू' म्हणून इतर कामांत गुंतले ते थेट १२ दिवसांनी आठवले. जीएसटीआर-३बी ला उशिराचे दिवसाला ५० रुपये, म्हणजे ६०० रुपये. शिवाय थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज. दोन्ही मी पदरचे भरले. तेव्हापासून ७ तारीख टीडीएस भरण्याची, ११ जीएसटीआर-१ ची आणि २० जीएसटीआर-३बी ची, अशा तीन तारखा स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर लाल शाईने असतात. हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

मात्र बीए किंवा बीएस्सी झालेल्यांना या परीक्षेचा दरवाजा त्या पदवीवर उघडत नाही. क्लासवाले हे सांगत नाहीत. 'जीएसटी प्रॅक्टिशनर कोर्स' म्हणून दहा-बारा हजार घेतात आणि पोर्टलवर अर्ज करताना मुलीला कळते की आपली पदवी त्या यादीतच नाही.

त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणाहीसाठी, एक जुनी आणि विनाकारण दुर्लक्षित राहिलेली परीक्षा आहे: जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखा पदविका. ती राज्याच्या सहकार विभागाकडून, पुण्याच्या सहकार आयुक्तालयामार्फत, वर्षातून एकदा मे महिन्यात होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. सहा पेपर असतात आणि ते मराठीतून लिहिता येतात. लेखाकर्म आणि लेखापरीक्षण यांच्याबरोबर सहकार कायदा, पतसंस्था आणि सहकारी बँका, गृहनिर्माण संस्था हे विषय त्यात येतात. परीक्षेचे शुल्क खासगी क्लासच्या फीच्या पासंगालाही पुरणार नाही.

हिची सही कुठे चालते? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ खाली संस्थांचे ऑडिट सीएखेरीज 'प्रमाणित लेखापरीक्षक' करू शकतो. त्याच्या अटी पदवी, जीडीसी अँड ए, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान. मग शासनाच्या नामतालिकेवर, म्हणजे पॅनेलवर, नाव यावे लागते. एक संस्था एकाच लेखापरीक्षकाला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवू शकत नाही, त्यामुळे कामे फिरत राहतात. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गृहनिर्माण संस्था. ठाणे-पुण्याकडे एकेका रस्त्यावर दहा सोसायट्या, प्रत्येकीचे सभासदांचे मासिक बिल, सिंकिंग फंड, आणि वार्षिक सभेत उभे राहून 'पार्किंगचे पैसे कुठल्या खात्यात घेतले?' असे विचारणारे एक तरी निवृत्त काका. या कामाला माणसे मिळत नाहीत.

लगेच पॅनेलवर जाता येत नाही, ही या वाटेची अडचण. ती तीन वर्षे एखाद्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाच्या हाताखाली काढावी लागतात आणि तिथे मिळणारे पैसे जेमतेम प्रवासाचे असतात. पण त्याच काळात सोसायट्यांचे हिशेब लिहून देता येतात, आणि त्याला सहीची गरज नाही. फक्त ज्या सोसायटीचे हिशेब तुम्ही लिहिले, तिचे ऑडिट पुढे तुम्ही घ्यायचे नाही. तसे करणारे आहेत. कधी ना कधी निबंधक कार्यालयातून पत्र येते. गोव्यातल्या वाचकांनी लक्षात घ्यावे की ही पदविका आणि हा कायदा महाराष्ट्राचा आहे.

आता टॅली. टॅलीच्या कुठल्याही प्रमाणपत्राने सहीचा अधिकार मिळत नाही, हे आधी पक्के करा. ते हातातले कौशल्य आहे, आणि ते हवेच, कारण आपल्याकडच्या दुकानदाराला 'अकाउंट' म्हणजे टॅली एवढेच माहीत असते. एमकेसीएलच्या केंद्रांवरचा टॅलीचा कोर्स असो की कोपऱ्यावरचा क्लास, पैसे देण्याआधी एक दिवस आत बसून पाहा. संगणकावर कोपऱ्यात शिकाऊ पद्धतीची खूण दिसली तर उठून या. लायसन्स असलेली टॅली, खऱ्या दुकानाची (नावे झाकलेली) बिले, बँकेचे उतारे आणि निदान एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून दाखवलेले जीएसटीचे विवरणपत्र, एवढे मिळत असेल तर फी योग्य.

फीची पावतीही वाचायला शिका. हिशेबनीस होणार आहात, सुरुवात इथून करा. १२ हजारांच्या कोर्सवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६० रुपये, एकूण १४,१६०. पण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला कर आकारताही येत नाही. पावतीवर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो) नसताना कोणी १८ टक्के मागत असेल, तर तो कर सरकारकडे जाणार नाही. क्रमांक असेल तर पोर्टलवर फुकट तपासता येतो. 'शंभर टक्के नोकरीची हमी' ही पाटी दिसली की तिथेच थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी कोचिंग संस्थांना अशा जाहिराती करायला मनाई केली आहे. भरलेली फी परत करत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

व्यवसायाचा स्वतःचा खर्च त्या मानाने थोडा. एका संगणकाचे टॅलीचे कायमचे लायसन्स साधारण साडेबावीस हजार अधिक जीएसटी, म्हणजे २६,५५० पडते. आधी गिऱ्हाइकाच्या संगणकावर जाऊन काम करत असाल तर हा खर्च वर्षभर पुढे ढकला, मी तेच केले. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून. हा बहुतेक जण विसरतात, आणि दुसऱ्यांना कर भरायला सांगणाऱ्याने स्वतःचा थकवणे बरे दिसत नाही. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर गुमास्त्याची नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. एजंट त्याचे हजार-दीड हजार सांगतो, सरकारी शुल्क नगण्य आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वाणिज्य पदवीधर असाल आणि नासिनची परीक्षा दिली, तर टॅलीसकट सगळे तीस हजारांच्या आत बसते. लॅपटॉप वेगळा.

कोर्स एकदा केला आणि सुटलो, असे या कामात होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ टक्क्यांचा टप्पा गेला, बहुतेक वस्तूंवरचा २८ चाही गेला. त्या आठवड्यात मी आणि ती लॅमिनेटवाली मुलगी रात्री अकरापर्यंत एका जनरल स्टोअरच्या मालाचे दर एक-एक करून बदलत होतो. तूप, साबण, टूथपेस्ट, छत्र्या. आता तिला सगळ्या तारखा येतात. बीए झालेली आहे, म्हणून मी तिला जीडीसी अँड ए चा अर्ज भरायला लावला.

त्या परीक्षेचे अर्ज मे महिन्याच्या आधी काही महिने निघतात आणि मुदत लवकर संपते. सहकार विभागाच्या संकेतस्थळावर जानेवारीपासून लक्ष ठेवा.