निरगुडीची वई

निरगुडी माहीत नाही असा मुलगा आपल्या वर्गात नसेल. पण निरगुडी मुद्दाम लावणारा एकही सापडायचा नाही. पेणहून नागोठण्याला आणि तिथून पुढे रोह्याला जाताना ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, पडीक जागेत ती आपोआप वाढलेली असते. फुकट मिळते म्हणून तिला किंमत नाही!

निरगुडी हे झुडूप आहे, पण वाढू दिले तर दोन माणसांएवढे उंच होते. एका देठावर तीन किंवा पाच पाने हाताच्या बोटांसारखी पसरलेली असतात. ती वरून हिरवी, खालून पांढुरकी. पान चुरगाळले की उग्र वास येतो. शेंड्याला निळसर जांभळ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि त्यांवर मधमाश्या घोंघावत असतात. पोपटीच्या मडक्यात आपण जो भांबुर्डीचा पाला घालतो तो वेगळा. भांबुर्डी हंगामापुरतीच असते, निरगुडी वर्षानुवर्षे टिकते.

संस्कृतात हिला निर्गुंडी म्हणतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात 'नेगुंडो' या नावाने हिच्यावर एक प्रकरण आहे. पुढे १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने हिचे शास्त्रीय नाव ठेवले, व्हायटेक्स निगुंडो. आपल्या ओढ्याकाठच्या झुडपाचे नाव असे दूरदेशीच्या पुस्तकांत गेले.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आपल्या परसबागेतला मुळा आणि माठ शेरडांनी फस्त केला. (शेरडे कोणाची ते इथे लिहीत नाही.) दोन वाफ्यांतली भाजी एका दुपारी गेली आणि खिचडीत घालायला काही उरले नाही. आपण दरवर्षी डोंगरावरून करवंदीच्या नि बोरीच्या काट्या आणून वई करतो. पावसात त्या कुजतात, उरल्यासुरल्या वाळवी खाते, की पुन्हा कोयता घेऊन डोंगरावर. निरगुडीची वई मात्र जिवंत असते. तिच्या पाल्याला शेरडे सहसा तोंड लावत नाहीत.

लावण्याची रीत सोपी आहे. मिरगाचा पाऊस पडून जमीन चांगली भिजली की जून फांद्यांच्या काड्या तोडाव्यात. काडी अंगठ्याएवढी जाड आणि साधारण दीड फूट लांब असावी. कोवळा शेंडा घेऊ नये, तो कुजतो. खालचे टोक तिरके छाटावे, पाने काढून टाकावीत आणि काडीचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरून माती पायाने दाबावी. काडी उलटी लावू नये. डोळे वरच्या बाजूला बघत असले पाहिजेत.

किती काड्या लागतील? हे गणित आम्ही केले. बाग १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. परिमिती ३२ मीटर. दारासाठी १ मीटर सोडला तर ३१ मीटर. ३० सेंटिमीटरवर एक काडी धरली तर सुमारे १०३. पण निरगुडीला काटे नसतात, विरळ वईतून करडू सहज आत शिरते. म्हणून दोन ओळी हव्यात आणि मागच्या ओळीतली काडी पुढच्या दोन काड्यांच्या मधोमध यावी. म्हणजे २०६ झाल्या. काही मरतातच, त्यासाठी कोपऱ्यात २५ जास्त लावून ठेवाव्यात.

पहिले वर्ष काट्यांची वई काढायची नाही, ती बाहेरून राहू द्यायची. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी घालावे. पुढे फारशी गरज नाही. दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मात्र मन घट्ट करून गुडघ्याएवढी छाटावी. आईला वाटेल, पोरांनी झाड मारले! पण छाटल्यावरच खालून फुटवे येतात आणि वई दाट होते. न छाटता ठेवली तर वर पसरते आणि बुडाशी भोके राहतात. भातखाचराच्या बांधावर असेल तर दरवर्षी छाटावीच, नाहीतर पिकावर सावली येते.

छाटलेला पाला वाया जात नाही. सावलीत वाळवून वालाच्या नि तांदळाच्या कणगीत घालतात, किडे कमी होतात. ओला घालू नये, धान्याला बुरशी येते. आजीचे गुडघे दुखले की पाल्याने शेकतात, अंघोळीच्या पाण्यात उकळतात. पोटात घ्यायचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

काड्या ओढ्यावरून आणताना झुडूप मुळासकट उपटायचे नाही. तिची मुळे काठची माती धरून ठेवतात. एका झुडपाच्या चारपाच फांद्याच घ्याव्यात आणि बांध कोणाचा असेल त्याला आधी विचारावे. ज्या पालकांच्या बांधावर जुनी निरगुडी आहे त्यांनी मिरगाआधी वर्गात निरोप द्यावा. कोयता मोठ्यांनीच चालवायचा, काड्या आम्ही वाहून आणू. दारात बसवायला बांबूचे बेडेही लागेल.