जैवइंधन : पिकाकडून पिकाच्या अवशेषाकडे

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. जागतिक बाजारात तेलाचा भाव चढला की त्याचा परिणाम परकीय चलनाच्या गंगाजळीपासून शेतमालाच्या वाहतूक खर्चापर्यंत सर्वत्र जाणवतो. शेतात तयार होणारे इंधन वाहनांसाठी वापरता आले तर आयात कमी होईल, शेतकऱ्याच्या हाती पैसा येईल आणि शहरांची हवाही काही प्रमाणात स्वच्छ होईल, या तिहेरी अपेक्षेतून जैवइंधनाचे धोरण आकाराला आले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. हे यश लहान नाही. मात्र यापुढील प्रत्येक लिटर कशापासून तयार करायचे, पिकापासून की पीक काढल्यावर उरणाऱ्या अवशेषापासून, या प्रश्नाचा निर्णय आता लांबवता येणार नाही.

मळीपासून सुरुवात

उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर जो दाट, काळपट द्रव उरतो ती मळी. ती आंबवून, तिचे ऊर्ध्वपातन करून आणि उरलेले पाणी जवळजवळ पूर्णपणे काढून टाकून इंधनयोग्य इथेनॉल मिळते. म्हणजे हा कार्यक्रम मुळात एका उपपदार्थावर उभा राहिला. २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड तसेच उत्तर प्रदेशात प्रायोगिक प्रकल्प झाले. जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू करण्यात आले आणि २००६ मध्ये कार्यक्रमाची व्याप्ती २० राज्यांपर्यंत वाढवण्यात आली.

प्रत्यक्षात प्रगती मंद राहिली. उसाचे उत्पादन घटले की मळीही घटे. उपलब्ध मळीवर मद्यनिर्मिती आणि रसायन उद्योग यांचाही हक्क होता. खरेदीच्या किमतीबाबत अनिश्चितता होती. परिणामी २०१३-१४ मध्ये केवळ ३८ कोटी लिटर इथेनॉल मिळाले आणि मिश्रणाचे प्रमाण १.५३ टक्के राहिले.

याच काळात डिझेलला पर्याय म्हणून जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, लावण्याची मोठी मोहीम आखली गेली. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये पडीक जमिनीवर व्यापक लागवडीची शिफारस केली. पण पाणी व निगा यांवाचून पडीक जमिनीत बियांचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. उत्पन्नासाठी काही वर्षे थांबणे अल्पभूधारकाला परवडणारे नव्हते आणि बी विकण्यासाठी खात्रीची बाजारपेठही नव्हती. कच्च्या मालाचे अर्थशास्त्र जुळल्याशिवाय केवळ उद्दिष्ट ठरवून इंधन तयार होत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा आजही लागू पडतो.

धोरणातील वळण

डिसेंबर २०१४ मध्ये शासनाने इथेनॉलची खरेदी किंमत निश्चित करून देण्याची पद्धत पुन्हा स्वीकारली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने साखरेचा अंश अधिक असलेली बी-हेवी मळी, थेट उसाचा रस, तसेच खराब झालेले धान्य यांनाही मान्यता दिली. पुढे अन्न महामंडळाकडील अतिरिक्त तांदूळ आणि मका यांचीही भर पडली. २० टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ वर आणण्यात आले. जून २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर पोहोचले. २०२३-२४ या पुरवठा वर्षात सुमारे ७०७ कोटी लिटर इथेनॉल मिसळले गेले.

एका दशकात ही झेप शक्य झाली ती किंमत, खरेदीची हमी आणि आसवनी उभारणीसाठी व्याज सवलत यांमुळे. परंतु या वाटेवर कार्यक्रमाचा पाया बदलला. मळीसारख्या उपपदार्थाकडून तो हळूहळू मूळ पिकाकडे सरकला. २०२३-२४ मध्ये मका हा इथेनॉलचा सर्वात मोठा स्रोत ठरला. त्या वर्षी मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे, तर उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे दर होता.

जे किमतीत दिसत नाही

पिकापासूनच्या इंधनाची खरी किंमत केवळ रुपयांत मोजून चालत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. ब्राझीलशी तुलना करताना तेथील बहुतांश ऊस पावसाच्या पाण्यावर येतो, हे लक्षात घ्यावे लागते. आपल्याकडे तो सिंचनावर येतो. कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिल्याप्रमाणे महाराष्ट्रात एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. हे पाणी इथेनॉलच्या हिशेबात जवळजवळ फुकट धरले जाते.

धान्याच्या बाबतीत दुसरी अडचण आहे. पारंपरिकरीत्या मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणात आयात करावा लागला. खाद्य महागल्याने कुक्कुटपालन व्यवसायाने आयात शुल्क कमी करण्याची मागणी केली. तेलाची आयात कमी करताना मक्याची आयात वाढली, तर बचतीचा काही भाग परत निघून जातो. तांदळाचा दर जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपये ठरवण्यात आला. महामंडळाला हा तांदूळ खरेदी, साठवणूक व वाहतूक धरून यापेक्षा बराच महाग पडतो. हा फरक म्हणजे इंधनाला दिलेले अनुदानच होय, फक्त ते अन्न अनुदानाच्या खात्यावर पडते.

पावसाने ओढ दिली की या रचनेतील ताण उघड होतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या शक्यतेने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर निर्बंध घालावे लागले. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्यांना एका आदेशाने नियोजन बदलावे लागले.

स्वच्छ हवेचा लाभही नेमकेपणाने मांडावा. आराखड्यानुसार २० टक्के मिश्रणामुळे कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन दुचाकींत सुमारे ५० टक्के व चारचाकींत ३० टक्के घटते. नायट्रोजन ऑक्साइडबाबत मात्र ठोस कल आढळत नाही. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने, मूळ पेट्रोलसाठी आरेखन केलेल्या जुन्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटू शकते. हा भार ग्राहक उचलतो.

अवशेषांचे गणित

केंद्रीय अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो आणि त्यातील सुमारे २३ कोटी टन शेतीजन्य जैवभार इतर उपयोग भागवून शिल्लक राहतो. या साठ्यासाठी वेगळी जमीन वा वेगळे पाणी लागत नाही. पेंढ्यातील सेल्युलोजचे विघटन करून शर्करा व तिच्यापासून इथेनॉल मिळवण्याच्या पद्धतीला दुसऱ्या पिढीचे तंत्रज्ञान म्हणतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने आणि पुण्यातील प्राज इंडस्ट्रीजने या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले आहे. प्राजच्या तंत्रज्ञानावर आधारित इंडियन ऑइलचा पानिपत प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉलची आहे. म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर. मक्याच्या एका टनापासून मात्र सुमारे ३८० लिटर मिळते. पूर्ण क्षमतेने चालला तरी २०२३-२४ च्या एकूण मिश्रणाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही इथेनॉल हा प्रकल्प देणार नाही.

अडचण केवळ प्रयोगशाळेत नाही. ती शेत आणि कारखाना यांच्या दरम्यान आहे. पंजाबात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये साधारण तीन आठवडे मिळतात. शेत लवकर मोकळे करण्यासाठी काडीपेटी हाच सर्वात स्वस्त उपाय ठरतो. उलट पानिपतसारख्या प्रकल्पाला वर्षभर रोज सुमारे ५५० टन पेंढा लागतो. तेवढा माल काही आठवड्यांत गोळा करणे, बेलरने गाठी बांधणे, हलक्या पण जागा व्यापणाऱ्या त्या गाठी वाहून नेणे आणि ओल व आगीपासून वर्षभर जपणे, या साखळीतच खर्च वाढतो. शेतकऱ्याच्या पदरात पेंढ्याचा दर पडला नाही, तर तो काडी लावणारच.

प्रत्येक अवशेष टाकाऊ नसतो, याचेही भान हवे. ज्वारीचा कडबा हा महाराष्ट्रात जनावरांचा चारा आहे. तो आसवनीकडे वळवणे अयोग्य ठरेल. काही अवशेष जमिनीत मुरले तरच सेंद्रिय कर्ब टिकतो. पंजाबातील भाताचा पेंढा, विदर्भातील पऱ्हाटी व तुऱ्हाटी, उसाचे जाळले जाणारे पाचट यांचा विचार म्हणूनच स्थानिक गरजा पाहून करावा लागेल.

पुढील दिशा

पंजाबात दरवर्षी होणाऱ्या सुमारे २ कोटी टन पेंढ्यापैकी निम्मा वापरला तरी १५० कोटी लिटरच्या आसपास इथेनॉल मिळू शकते. अवशेष पिकाची जागा पूर्णपणे घेतील, असे यातून सिद्ध होत नाही. पण २० टक्क्यांपुढील वाढ कोठून यावी, याची दिशा स्पष्ट होते.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, इथेनॉलची खरेदी किंमत ठरवताना कच्च्या मालाच्या खर्चाबरोबर पाण्याचा वापर व कार्बन बचत यांनाही वजन द्यावे आणि दुसऱ्या पिढीच्या इंधनाला दीर्घ मुदतीच्या खरेदीची हमी असावी. २०१९ च्या जी-वन योजनेने अशा प्रकल्पांच्या उभारणीला अर्थसाहाय्य दिले. २०२४ मध्ये योजनेची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवण्यात आली. उभारणीइतकेच महत्त्व आता पेंढ्याच्या खरेदीला द्यावे लागेल. दुसरी, गोळा करणे व साठवणे हे काम शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि बचत गट यांच्याकडे सोपवावे. दूध संकलनाचा अनुभव असलेल्या देशाला हे अशक्य नाही. तिसरी, इथेनॉलचा एकच आग्रह न धरता जेथे जे सोयीचे ते करावे. पंजाबातील संगरूर जिल्ह्यात पेंढ्यापासून दाबयुक्त जैववायू तयार करणारा, रोज सुमारे ३३ टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. आसाममधील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पाचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले.

मिश्रणाची टक्केवारी हे साधन आहे, साध्य नव्हे. तीच टक्केवारी भूजल उपसून आणि कोंबड्यांचे खाद्य महाग करून गाठली, तर एका आयातीच्या जागी आपण दुसरी टंचाई ओढवून घेऊ. ज्या पेंढ्याचा धूर दर हिवाळ्यात उत्तर भारताच्या आकाशात पसरतो, त्याला शेताच्या बांधावर भाव मिळाला, तर एकाच व्यवहारात शेतकऱ्याचे उत्पन्न, शहराची हवा आणि देशाचे परकीय चलन या तिन्हींचे हित साधता येईल. मळीपासून निघालेल्या या कार्यक्रमाने पुन्हा अवशेषाकडे वळण्यातच त्याचे दीर्घकालीन स्थैर्य आहे.