माशाच्या त्वचेची सूक्ष्म रचना

भोकरच्या बाजारातील रोहूचे खवले म्हणजे त्वचेवर चढविलेले चिलखत, असा समज होतो. सूक्ष्मदर्शक तो खोडून काढतो. खवले अंतस्त्वचेच्या कप्प्यांत रुजलेले असतात आणि त्यांवर बाह्यत्वचेचा पातळ थर पसरलेला असतो. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा. माशाची मात्र पाण्याला भिडणारी पेशीही जिवंत. श्लेष्मपेशींतून पाझरणारा स्राव तिचे रक्षण करतो. हाताला बुळबुळीत लागतो तो हाच. रोहूत, तसेच बिनखवल्यांच्या मागुरात, गदेच्या आकाराच्या पेशीही आढळतात. त्वचा फाटली की अशा पेशींतील द्रव्य पाण्यात मिसळते. जखमी त्वचेतील द्रव्याने सोबतचे मासे बिथरतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशांत नोंदविले. मत्स्यबीज कोरड्या हाताने धरू नये, ते याचसाठी: श्लेष्म पुसला जातो, खवला निघतो आणि त्या जखमेतून बुरशी शिरते.