गरोदर स्त्री आणि पिकांवरील विषारी औषधे

फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो; म्हणून औषधाचा धोकाही त्यालाच, अशी समजूत खेडोपाडी आढळते. ती बरोबर नाही. फवारणीसाठी पाणी वाहणे, फवारलेल्या कपाशीत निंदण करणे आणि औषधाने भिजलेले कपडे धुणे ही कामे स्त्रियाच करतात. प्रोफेनोफॉससारखे औषध कातडीतूनही रक्तात उतरते. गरोदर स्त्रीच्या रक्तात उतरलेले असे विष वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकते.

गर्भाचे हृदय, मेंदू, हातपाय मुख्यतः तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. त्या सुमारास पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. झाली तरी ती चारचौघांत सांगितली जात नाही. तेव्हा बातमी कळल्यावर काळजी घेऊ म्हणणे उशिराचे ठरते. ज्या घरी नवी सून आहे, तेथे कामांची वाटणी आधीच बदलावी. फवारणाऱ्याने आपले कपडे वेगळ्या बादलीत, साबणाने, स्वतःच धुवावेत. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फवारलेल्या शेतात पुन्हा केव्हा जावे हे डब्यावरील माहितीपत्रक पाहून ठरवावे. निदान पाने ओली असताना निंदणास कोणालाही पाठवू नये. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हातमोजे व मुखपट्टी यांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. कपडे धुणाऱ्या हातांचा विचार मात्र घरोघरीच व्हावयास हवा.

टोबणीकडेही लक्ष द्यावे. बाजारात मिळणारे कपाशीचे बियाणे औषध चोळलेले असते; त्यास दिलेला रंग ही त्याची खूण होय. असे बी ओटीत घेऊन उघड्या हातांनी टोबण्याची रीत आहे. पावसाने किंवा घामाने ओटी भिजते व ते कापड तासन्‌तास पोटाशी राहते. बी डब्यात घ्यावे, हातमोजे वापरावेत आणि हात धुतल्यावाचून भाकरीस लावू नयेत.

मळमळ, उलटी, चक्कर ही विषबाधेची पहिली लक्षणे गरोदरपणातही दिसतात. त्यामुळे घरची वडीलधारी मंडळी ‘असे व्हायचेच’ म्हणून स्वस्थ बसतात. औषधाशी संबंध आल्यानंतर हा त्रास सुरू झाला, त्यातच घाम व लाळ सुटू लागली, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर वेळ दवडू नये. अंगावरील कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे व तिला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. सोबत औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रक घ्यावे आणि कितवा महिना आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावे.